साखरेऐवजी साय

"रक्तात साखर भरपूर आहे, पण ती मेंदूपर्यंत पोहोचत नाही, म्हणून मुलीची साखर बंद केली आहे." हे वाक्य मी नातेवाइकांना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, शाळेत सांगितलं, कामावर सांगितलं, एकदा तर दाढीला बसलो असताना न्हाव्यालाही सांगितलं. दरवेळी समोरचा माणूस म्हणतो, "अहो, मग साखर जास्त द्यायला हवी ना?"

नाही. द्यायला नको. दारच अडकलं असेल तर बाहेर गर्दी वाढवून उपयोग नसतो. हे पुन्हा पुन्हा समजावण्याचा उत्साह आता माझ्यात उरलेला नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी जरूर वाचावं. बाकीच्यांनी वाचायलाही हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर मला सल्ला देऊ नये.

सकाळ

मी खडकीच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहतो. माझी बायको वैशाली वाघोलीच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. खडकीहून वाघोली गाठायची म्हणजे नगर रोड जागा व्हायच्या आत घराबाहेर पडावं लागतं. त्यामुळे आमच्या मुलीची, ओवीची, सकाळ पहिल्यापासून माझ्या वाट्याला. आणि तिचा आजार सकाळचाच होता. म्हणून तो सगळ्यात आधी दिसला मला, आणि बराच काळ दिसला फक्त मलाच.

ती चालायला लागून बरेच महिने झाले तरी पाय टाकताना डुलायची. उठल्या उठल्या डोळे एका बाजूला सटासट उडायचे. मग एक दिवस पलंगावर बसल्या बसल्या मान खाली पडली, पुन्हा वर आली आणि ती काही झालंच नाही अशी माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर अख्खं अंग झटके द्यायला लागलं. शेजारच्या काकू कांदा फोडून धावत आल्या. कोणी चप्पल हुंगवायला सांगितलं. मी तिला कुशीवर वळवून धरून बसलो होतो आणि माझ्याभोवती चपलेने की कांद्याने, यावर चर्चा चालू होती.

फिट्सचं औषध सुरू झालं. मग दुसरं. मग दोन्ही एकदम आणि वर तिसरं. फिट्स थांबल्या नाहीत. ओवी मात्र थांबल्यासारखी झाली. दिवसभर पेंगायची, बोलता बोलता शब्द अर्धा सोडून द्यायची. बालवाडीच्या बाईंनी सांगितलं की बरी झाली की पाठवा. कधी होईल ते त्यांनी विचारलं नाही आणि मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत खुपत होती. नाश्त्याआधी ही मुलगी निराळी असायची आणि नाश्त्यानंतर निराळी. पोहे पोटात गेले की जरा वेळाने पाय सरळ पडायचे, डोळे ठरायचे, हाक मारली की वळून बघायची. दुपारचं जेवण लांबलं की पुन्हा तेच डुलणं. हे मी तेव्हाच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी गोळीचा डोस वाढवता वाढवता उत्तर दिलं, "सगळीच मुलं जेवल्यावर बरी असतात."

हे विधान चूक नव्हतं, हीच त्यातली अडचण होती.

उपाशीपोटी

नातेवाइकांत कोणाच्या तरी ओळखीने एका बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉक्टर बाईंचं नाव कळलं. त्यांच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर आम्ही इतका वेळ बसलो, की समोरच्या भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता मला आजही तोंडपाठ आहे. आत गेल्यावर मी जाडजूड फाइल पुढे सरकवली. बाईंनी ती उघडली नाही. ओवीला दारापर्यंत चालून यायला सांगितलं, तिच्या पावलांकडे बघितलं आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, ही कशी असते?"

मग मी बोलत सुटलो. वैशाली नंतर म्हणाली की इतकं तर मी लग्न ठरवतानाही बोललो नव्हतो.

बाईंनी पाठीतलं पाणी तपासायचं ठरवलं, तेही उपाशीपोटी. पाठीतलं पाणी म्हटल्यावर घरात जे व्हायचं ते झालंच. माझी आई शनिवार पेठेत माझ्या थोरल्या भावाकडे राहते. पाठीत सुई घातली की माणूस जन्माचा लुळा होतो, असं तिने फोनवर सांगितलं. कोणाचा झाला होता हे विचारल्यावर ज्या माणसाचं नाव तिने घेतलं, तो मला आठवड्यापूर्वीच भाजी घेताना भेटला होता. तेही मी सांगितलं. पण आईच्या मतावर असल्या तपशिलांचा परिणाम होत नाही.

तपासणीच्या दिवशी ओवीला उपाशी ठेवायचं होतं. ज्या मुलीला उपाशी राहिल्यावर फिट येते तिला मुद्दाम उपाशी ठेवून, हॉस्पिटलच्या कॉटवर, फिट येण्याची वाट बघत बसायचं. वर ज्यांनी सुई घालायची ते डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकलेले. नर्स दर वेळी येऊन सांगायची की अर्धा तास थांबा, आणि ओवी दर वेळी तिच्या हातात खायला काही आहे का ते बघायची. शेवटी ती मागायचीही थांबली. डोळे उडायला लागले. वैशाली उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी नर्सला म्हणालो, आता आणखी अर्धा तास सांगायचा असेल तर तो हिला सांगा. तिने माझ्याकडे बघितलं, ओवीकडे बघितलं आणि पळत जाऊन डॉक्टरांना घेऊन आली.

रिपोर्ट आला तेव्हा बाईंनी आम्हाला शांतपणे समोर बसवलं. बोटातल्या रक्तात साखर अगदी व्यवस्थित होती. पाठीतल्या पाण्यात, म्हणजे मेंदूभोवतीही जे असतं त्यात, मात्र त्या मानाने फारच कमी. म्हणजे शरीरात साखर आहे, पण ती मेंदूत नेणारं जे दार असतं ते हिच्यात जन्मतःच धड उघडत नाही. मेंदू उपाशी राहतो आणि उपाशी मेंदू झटके देतो. जनुकांची तपासणी करून पक्कं करूच, बाई म्हणाल्या, पण मला शंका नाही.

"मग ते दार उघडायचं औषध?" मी विचारलं.

"नाही. पण मेंदू साखरेशिवाय आणखी एका गोष्टीवर चालतो. भरपूर चरबी खाल्ली आणि साखर, पिठूळ पदार्थ जवळजवळ बंद केले, की शरीर चरबीपासून केटोन नावाचे पदार्थ तयार करतं; साखर मिळाली की ते बनायचे थांबतात. त्यांचं दार वेगळं आहे. ते हिचं चांगलं आहे."

वैशाली इंजिनीअर. म्हणाली, "म्हणजे पेट्रोलच्या गाडीला गॅसचं किट बसवायचं."

"साधारण तसंच," बाई म्हणाल्या. "फक्त गाडी बंद करता येत नाही."

किती दिवस, असं मी विचारलं. निदान मोठी होईपर्यंत, असं उत्तर मिळालं. मोठी म्हणजे किती, हे विचारायचं धैर्य झालं नाही. त्याऐवजी मी विचारलं की हे आधीच कळलं असतं तर. बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं आणि म्हणाल्या की आता कळलंय, तर आता सुरू करू. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आईला पाठवा

हा आहार घरी आपला आपण सुरू करायचा नसतो. मूल ॲडमिट करून, रक्त तपासत सुरू करायचा असतो. कोणी मोबाइलवर वाचून करत असेल तर कृपा करून करू नये.

पहिल्या दिवशी आहारतज्ज्ञ बाई आल्या. कॉटशेजारी मी एकटाच होतो. वैशालीच्या कॉलेजात परीक्षा चालू होती. बाई म्हणाल्या, "आईला पाठवा, डाएट समजावून सांगायचं आहे."

मी म्हटलं, मला सांगा.

"नाही, स्वयंपाक जे करतात त्यांना सांगावं लागेल."

"तो मीच करतो."

त्या हसल्या. मी हसलो नाही. मग त्यांनी विचारलं की घरात आजी वगैरे कोणी आहे का. मी सांगितलं की आजी आहे, शनिवार पेठेत आहे आणि या सगळ्याला तिचा ठाम विरोध आहे. तेव्हा त्यांनी नाइलाजाने मला शिकवायला सुरुवात केली. मला चांगलं शिकवलं, हेही सांगायला हवं. पण जाताना पुन्हा म्हणाल्याच, "मॅडम आल्या की एकदा बोलवा हं."

आहार असा: क्रीम, लोणी, खाण्याचं खोबरेल, अंडं, पनीर आणि त्याला तोंडी लावायला भेंडी किंवा दुधी. भात नाही, पोळी नाही, डाळ नाही, केळं नाही. सगळं काट्यावर तोलायचं. उरलं तर चालत नाही; वाटीला चिकटलेलं लोणीसुद्धा बोटाने पुसून तोंडात घालायचं. पुण्यात खोबरेल डोक्याला लावतात. तेच मी मुलीला चमच्याने भरवतोय हे बघून वॉर्डातल्या मावशी माझ्यापासून दोन हात लांबून फरशी पुसायच्या.

ओवीने क्रीम थुंकलं. अंडं थुंकलं. ओकली. मरगळून पडली. दर काही तासांनी बोट टोचायचं, म्हणून नर्स दिसली की दोन्ही हात पाठीखाली लपवून उताणी झोपायची. आणि भात मागायची. "बाबा, भात," एवढेच दोन शब्द, दिवसभर.

शेजारच्या कॉटवर शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या एका गावातली आजी तिच्या नातीला घेऊन बसली होती. नात तापाने दाखल होती आणि वाटीभर वरणभात खाऊन मजेत होती. आजीने बराच वेळ सहन केलं, मग बोलली.

"लेकरू भात मागतंय, आन तुमी लोणी चारताय. भात द्याया काय हुतंय?"

मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय.

"डाक्टरनी सांगितलं आसंल. पर लेकरू रडतंय, ते सांगितलंसा का डाक्टरला?"

तिचं म्हणणं बिनतोड होतं. मी उठून पडदा ओढून घेतला. पडद्यापलीकडून ती तिच्या नातीला मोठ्याने सांगत राहिली की काही काही बाप असे असतात.

दोन-तीन दिवस असे गेले. मग एका सकाळी, नाश्त्याची गाडी यायच्या आधी, ओवी जागी झाली. मी नेहमीप्रमाणे तिच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे जागच्या जागी होते. तिने छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, हा पंखा खूप आवाज करतो, मला झोपूच देत नाही."

शब्द अर्धवट सोडणाऱ्या माझ्या मुलीचं कित्येक महिन्यांतलं हे पहिलं पुरतं वाक्य. तेही तक्रारीचं. मी पंख्याकडे बघत बसलो. खरंच आवाज करत होता. मी इतके दिवस त्याच्याखाली बसून होतो आणि मला तो ऐकू आला नव्हता.

त्या दिवशी ती कॉरिडॉरच्या टोकापर्यंत माझं बोट न धरता चालली. आजी दारात उभी राहून बघत होती. आम्ही परत आल्यावर तिने मला विचारलं, "लोणी कंच्या डेरीचं हाय?"

सगळीकडे साखर

हॉस्पिटलात साखर टाळणं सोपं होतं. घरी आल्यावर कळलं की आपण साखरेच्या देशात राहतो. तापाचं औषध गोड. खोकल्याचं गोड. टूथपेस्ट गोड. कॉलनीत कोणाचा वाढदिवस असला की केक, निकाल लागला की पेढे, नवी स्कूटर आली की पेढे. गणपतीत दहा दिवस मी मुलीला मांडवाबाहेरूनच नमस्कार करायला लावला, तर एक गृहस्थ मला विचारायला आले की आपण कुठल्या पंथाचे.

वर प्रत्येकाचा एक प्रश्न. गूळ चालतो का? मध तर नैसर्गिक असतो ना? खजूर? एक तुकडा? एक घास? एका घासाने काय होतंय? एका घासाने काय होतं ते सकाळी मला बघावं लागायचं, विचारणाऱ्याला नाही.

तिचा डबा मी करत होतो, तिन्ही वेळचं खाणं मीच तोलत होतो. वैशालीने एकदा भेंडी अंदाजाने वाढली तर मी ताट उचलून काट्यावर ठेवलं. पुन्हा एकदा क्रीमच्या पुड्यावरचा मजकूर तिने वाचलेला असतानाही मी तिच्या हातून घेऊन वाचला. तेव्हा तिने ओट्यावर हात टेकवले आणि म्हणाली, "तू तिचा बाप आहेस की हवालदार?"

मी म्हटलं, कोणीतरी असायला पाहिजे.

"मग मी कोण आहे ते पण सांगून टाक. म्हणजे मी तेवढंच करीन."

मी गॅसवरचं लोणी बघत राहिलो. त्यानंतर कित्येक आठवडे आम्ही फक्त ओवीच्या पोटाबद्दल, झोपेबद्दल आणि शीबद्दल बोललो. सगळी माहिती अचूक दिली-घेतली जायची. ऑफिसात काम करणारी दोन माणसं बोलतात तशी.

या काळात फिट्स जवळजवळ थांबल्या होत्या. दोन औषधं बंद झाली होती. ओवी बडबडायला लागली होती. घरात एवढं चांगलं चाललं होतं आणि आम्ही दोघं एकमेकांवर इतके वैतागलेले होतो, हे बाहेर कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

तीर्थ

भावाकडे शनिवार पेठेत सत्यनारायण होता. आम्ही ओवीचा डबा घेऊन गेलो. आईला मी आधी फोन करून सांगितलं होतं, गेल्यावर दारातच सांगितलं आणि पूजा सुरू व्हायच्या आधी पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "मला ऐकू येतं."

आरती झाली. आईने सगळ्यांच्या देखत ओवीच्या हातावर पंचामृताचा चमचा ओतला, वर प्रसादाच्या शिऱ्याची मूद ठेवली, आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पोहोचेपर्यंत ते सगळं ओवीच्या पोटात गेलं होतं. लपून नाही, चोरून नाही. आई माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तीर्थप्रसादाला नाही म्हणत नाहीत."

मी पाहुण्यांसमोर बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. भाऊ मला बाजूला घ्यायला आला तर त्यालाही बोललो. गुरुजी दक्षिणा न घेताच निघाले होते, त्यांना वैशालीने जिन्यात गाठलं.

ओवीला जाताना गाडीत काही झालं तर काय, म्हणून आम्ही त्या दिवशी तिथेच राहिलो. सकाळी चहाच्या वेळी ती आईच्या खोलीत गेली. आई पलंगावर बसून वाती वळत होती. आणि तिथे, आईच्या पायाशी, ओवीला फिट आली. मोठी, पूर्वीसारखी.

आईने तोपर्यंत फिट कधी बघितलेली नव्हती. फक्त ऐकलं होतं. मी ओवीला कुशीवर घेतलं. आईच्या मांडीवरचा कापूस खाली सांडला होता आणि ती तशीच बसून होती. ओवी शांत झाली, झोपली, तिचं तोंड मी पुसलं, तरी आई हलली नाही.

निघताना ती दारापर्यंत आली. मला वाटलं आता रडेल, काहीतरी म्हणेल, आणि मलाही काहीतरी म्हणावं लागेल. आई म्हणाली, "मला हे पटलेलं नाही. मेंदूला साखर कमी पडते आणि साखर द्यायची नाही, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. पण यापुढे देणार नाही."

मी म्हटलं, बरं. एवढंच पुरेसं होतं. पटवून घ्यायची ताकद माझ्यात राहिलेली नव्हती.

वाघोली

वैशालीच्या कॉलेजात गॅदरिंग होतं. ती ओवीला आणि माझ्या आईला दिवसभरासाठी घेऊन गेली. माझी ड्यूटी होती. आमच्या कारखान्यात मोबाइल आत नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. त्यामुळे पुढचं सगळं घडत असताना मी आत एका मशीनच्या आवाजात, अगदी निश्चिंत होतो. हे दोघींकडून ऐकलेलं सांगतो आहे.

दुपारी ओवीला उलट्या सुरू झाल्या. डब्यातलं काही पोटात राहीना, पाणीही राहीना. अंग ढिलं पडलं. वैशालीने तिला जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथल्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी बघितलं आणि साखरेचं सलाईन लावायला सांगितलं. त्यांना मी दोष देत नाही. उलट्यांनी गळून गेलेल्या बहुतेक लहान मुलांना तेच लावतात.

वैशालीने सगळं सांगितलं. मेंदूचं दार, केटोन, आहार, आमच्या बाईंचं नाव. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच म्हणताय मेंदूला साखर कमी पडते. मग?"

तेच. तिथेही तेच.

वैशालीने मला फोन लावला, पुन्हा लावला. आमच्या बाईंना लावला, त्या कोणाला तरी तपासत होत्या. इकडे नर्स बाटली अडकवून मोकळी झाली. तेव्हा आई कॉटवर चढून बसली, ओवीचा सुई टोचलेला हात तिने स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला आणि डॉक्टरांना म्हणाली, "हे बघा, मला यातलं कळत नाही, आणि जे कळतं ते पटत नाही. पण हिला साखर दिली की काय होतं ते मी बघितलंय. तुम्ही बघितलेलं नाही. आधी हिच्या डॉक्टरांशी बोला, मग काय हवं ते लावा. तोवर मी हात सोडणार नाही."

डॉक्टरांनी आजींना खाली उतरवायला सांगितलं. कोणी उतरवलं नाही. वैशाली तोवर आमच्या बाईंच्या दवाखान्यात फोन करून तिथल्या माणसाशी भांडत होती. मॅडम बिझी आहेत असं तो सांगत होता. वैशाली, जी आवाज चढवून वर्गातसुद्धा बोलत नाही, तिने त्याला सांगितलं की फोन घेऊन आत जा आणि त्यांच्या कानाला लाव, नाहीतर मी तिथे येऊन लावते. त्याने लावला.

मग दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले. आधी बोटातली साखर बघा, बाई म्हणाल्या. ती थोडी उतरलेली होती, पण धोक्याची नव्हती. साधं, मिठाचं सलाईन लावलं. ठरावीक वेळाने साखर तपासायची आणि ती अगदीच खाली गेली तर किती द्यायची, हेही बाईंनी सांगितलं. कारण कधीकधी द्यावी लागतेही; आपण अडून बसायचं नसतं, विचारायचं असतं. सुदैवाने लागली नाही.

शिफ्ट सुटल्यावर गेटवर मोबाइल हातात आला तेव्हा पडदाभर मिस्ड कॉल होते. नगर रोडवर मी मोटारसायकल कशी चालवली ते वैशालीला अजून सांगितलेलं नाही. वॉर्डात शिरलो तर ओवी झोपलेली, नळीतून थेंब पडतायत, आई कॉटवर मांडी घालून बसलेली. मला बघून म्हणाली, "आलास? झालं सगळं." आणि मग, "असला कसला तो कारखाना, माणसाचा फोन लागत नाही."

वैशाली बाहेर पायरीवर बसून वडापाव खात होती. मी शेजारी बसलो. डॉक्टरांनी काय सांगितलं, बाईंनी काय सांगितलं, पुढचे दोन दिवस खाणं कसं हळूहळू वाढवायचं, क्रीम किती पातळ करायचं, सगळं तिने आकड्यांसकट सांगितलं. एकही चूक नव्हती. मी मान हलवत राहिलो.

मग ती म्हणाली, "मला सगळं येतं. पहिल्यापासून येत होतं. तू कधी विचारलंच नाहीस."

मी तिच्या हातातला वडापावचा अर्धा तुकडा घेतला. तिने दिला. तेव्हापासून सकाळचं खाणं मी करतो, रात्रीचं ती, आणि तिच्या वेळेला मी ओट्याकडे फिरकत नाही. फिरकलोच तर काट्याकडे बघत नाही.

आत्ता

ओवी आता पहिलीत आहे. वाचायला तिला इतरांपेक्षा वेळ लागतो. दमली की चाल अजून थोडी डुलते. जी वर्षं गेली त्यांच्यासोबत काही तरी गेलेलंच आहे आणि ते परत येईल असं आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आहार थोडा सैल झाला आहे. मेंदूला चालणाऱ्या आणखी काही इंधनांवर, निराळ्या तेलांवर, काम चालू आहे असं बाई सांगतात. मी ऐकतो आणि घरी येऊन लोणी तोलतो.

ज्यांच्या घरी हे नुकतंच कळलं आहे त्यांना माझ्याकडून एवढंच. मूल उपाशीपोटी आणि जेवल्यावर वेगळं दिसत असेल तर डॉक्टरांना सांगत राहा. त्यांनी ऐकलं नाही तर ऐकणारा शोधा. साखरेच्या सलाईनबद्दल तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी कायम जवळ ठेवा. हा आहार घरातल्या एकाच माणसाला येत असेल तर तो कोणालाच येत नाही असं समजा. आणि लोकांना पटवायला जाऊ नका. त्यांनी ऐकलं म्हणजे झालं.

परवा संध्याकाळी कॉलनीतल्या रस्त्यावर ओवी सायकल शिकत होती. मी मागे पळत होतो, मग दमलो आणि थांबलो. ती पुढे गेली, वळण आलं, हॅंडल नको तिकडे फिरलं आणि ती सायकलीसकट आडवी झाली. मी धावलो. जवळ जाईपर्यंत मनात काय काय येऊन गेलं ते ज्यांच्या घरी फिट्स आहेत त्यांना सांगायला नको.

ओवी गुडघा धरून बसली होती आणि रडत होती. गळा काढून, सगळ्या क्वार्टर्सना ऐकू जाईल असं. गुडघ्यातून रक्त येत होतं, तिला ते दिसत होतं, दुखत होतं, आणि सायकलीला, रस्त्याला आणि मला ती एकाच दमात दोष देत होती.

शेजारच्या काकू फाटकातून ओरडल्या, "अहो, नुसते बघत काय उभे राहिलात, उचला तिला."

मी आणखी थोडा वेळ उभाच राहिलो.